पाहुण्याच्या पेटीतले डास

माणूस ओळखण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या केशोरीत कोणी नाही! समोरचा 'रामराम मास्तर' म्हणाला, की तो कशासाठी म्हणाला हे मला त्याचा दुसरा 'राम' तोंडातून बाहेर पडायच्या आत कळतं. आमची सुलोचना याला संशयी स्वभाव म्हणते. मी अनुभव म्हणतो. पंधरा वर्षं प्राथमिक शाळेत काढली आहेत मी! 'गुरुजी, पोट दुखते' म्हणणाऱ्याचं खरं काय दुखतंय, हे मी बाकावर बसल्या बसल्या सांगतो.

तर यंदाचा, सत्तावन्न सालचा वैशाख. शाळेला सुट्टी. भर दुपारी शाळा तपासनीस साहेबांचं पत्र आलं. डेन्मार्क देशातले कोणी प्राध्यापक ओल्सेन उन्हाळी सुट्टीत हिंदुस्थान फिरायला आले आहेत आणि आठ दिवस केशोरीला राहणार आहेत. मुक्कामाचं घर ते स्वतः बघून निवडतील. अट एकच, घरात मलेरियावाल्यांचा फवारा मारलेला असावा. शेवटी साहेबांनी आपल्या हातानं लिहिलं होतं, 'पाहुणे संतुष्ट होऊन गेले, तर तुमच्या गोंदियाच्या बदलीचं बघू.'

मला पहिल्याच ओळीला संशय आला. थंड देशातला माणूस सुट्टी घालवायला वैशाखात केशोरीला येतो? आमच्याकडचा कावळासुद्धा वैशाखात केशोरीत थांबायला कुरकुरतो! असा माणूस एक तर वेडा असणार, नाही तर हेर. पण शेवटच्या ओळीनं माझं तोंड बंद केलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो, तेव्हापासून दर पावसाळ्यात सुलोचनेला हिवताप धरतो. ती चार गोधड्यांखाली थरथरत असते आणि मी क्विनिनची गोळी हातात घेऊन नुसता उभा असतो. तेव्हा माझी सगळी हुशारी कुठे जाते कोण जाणे. मला फार भीती वाटते. गोंदियाला दवाखाना आहे, तिचा भाऊ आहे. या पावसाळ्याआधी तिला तिथे न्यायचं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

म्हणजे पाहुणा आमच्याच घरी उतरला पाहिजे! गावात मोठं घर एकच, बकारामचं. त्याच्याकडे चार खोल्या, सहा म्हशी आणि बोलायला जीभ. तो पाहुण्याला पळवणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण त्याच्या भिंती चुलीच्या धुरानं काळ्या, त्यावर फाल्गुनात मारलेल्या फवाऱ्याचे पांढरे ओघळ. आळशी माणूस! तिथेच मी त्याला गाठायचं ठरवलं.

"सुलोचना, छुई काढ! ओसरी, मधली खोली, सगळ्या भिंती पांढऱ्या शुभ्र झाल्या पाहिजेत!"

"अवो, पण ते फवारावाले सांगून गेल्ते ना जी, का भिंतीले..."

"फवारावाले राहू दे बाजूला! परदेशी माणूस येऊन राह्यला. त्याले आपल्या घरची शोभा दिसली पाहिजे!"

तिनं पदर खोचला आणि दोन दिवसांत छुईमातीचे दोन हात दिले. खोली अशी उजळली, की मीच चप्पल बाहेर काढून आत गेलो.

ओल्सेनसाहेब आले. ताडमाड उंच, गाजरासारखे लाल. बरोबर दुभाषा म्हणून गोंदियाचा नंदलाल आणि एक लाकडी पेटी. कपड्यांची पिशवी साहेबानं नंदलालच्या खांद्यावर दिली होती, पण पेटी कोणाच्या हातात देत नव्हता. मी ते लगेच टिपलं.

घरं बघणं सुरू झालं. जंगल खात्याच्या बंगल्यात वटवाघळं होती आणि फवारा नव्हता, तो बाद झाला. मग बकारामचं घर. साहेबानं बॅटरी लावून त्या काळ्या भिंती कोपरान् कोपरा पाहिल्या, म्हशींच्या गोठ्यातसुद्धा शिरला. बकाराम माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. साहेब बाहेर आला आणि नंदलालला म्हणाला, की घर फार उत्तम आहे, एकही डास नाही.

गेली बदली!

शेवटी आमच्याकडे आले. साहेब मधल्या खोलीत शिरला आणि नेमका त्या पांढऱ्या शुभ्र भिंतीवर एक डास येऊन बसला! मी टॉवेल उगारला. साहेबानं माझा हात वरच्या वर धरला, डासाकडे नाक लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा असा फुलला, की मुलगी पसंत पडलेला नवरदेव बरा! "धिस हाउस!" तो म्हणाला.

"काऊन जी?" बकाराम ओरडला. "याले मच्छर आवडते का काय?"

"याला रसिकता म्हणतात, बकारामजी," मी म्हणालो. "भिंतींची शोभा!"

त्या संध्याकाळी साहेब माझ्याशी तासभर इंग्रजीत बोलला. माझं इंग्रजी पक्कं आहे, पण साहेबाचं फार भरभर होतं. मी दर वाक्याला "येस सर" म्हणत गेलो, मध्येच बदल म्हणून "नो सर". नंदलाल म्हणाला, "मास्टरजी, मैं रुकूँ क्या? साहब की बात समझ में आ रही है ना?"

"अरे, तू जा ना खुशाल सौंदडला! तुझी सासुरवाडी जवळच आहे, राहून ये आठ दिवस. मी आहे ना!"

नंदलाल गेला. आणि मग प्रकार सुरू झाले.

पहिला प्रकार, मच्छरदाणीचा. साहेबाजवळ उत्तम मच्छरदाणी होती. ती घडी करून उशाला! सांज झाली की हा गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून ओसरीवर बसायचा, आणि डास त्याच्या पिंढऱ्यांवर जत्रेसारखे गोळा व्हायचे. मी पाहुण्याची काळजी म्हणून लिंबाच्या पाल्याचा धूर केला. साहेब धावत आला आणि त्यानं माझ्या धुरावर तांब्याभर पाणी ओतलं!

दुसरा प्रकार, साखरेचा. रोज सकाळी चमचाभर साखर मागून न्यायचा आणि चहा मात्र बिनसाखरेचा प्यायचा.

तिसरा प्रकार, तलावाचा. काठावर उकिडवा बसून ओगराळ्यानं पाणी काढायचा, बघायचा आणि परत ओतायचा. बघायचा आणि ओतायचा!

डास तर दिवसेंदिवस वाढत चालले. मला आधी बकारामचाच संशय होता. पाहुणा त्याच्याकडे पळून यावा म्हणून तो डास आमच्या घराकडे हाकलत असणार! एकदा तो आमच्या मागच्या भिंतीजवळ मडकं घेऊन दिसलाच.

"कायले आला होता जी इकडं? मडक्यात काय आहे?"

"ताक आहे ताक! तुमच्या घरच्याइनंच मांगितलं. पेता का?"

मी ताक पिऊन खात्री केली. ताकच होतं. पण तेवढ्यानं माणूस निर्दोष ठरत नाही.

आठव्या दिवशी मात्र सगळं उजेडात आलं. पहाटे उठलो तर साहेबाच्या खोलीत बॅटरीचा उजेड हलत होता. मी दाराच्या फटीला डोळा लावला. साहेब भिंतीशी उभा. तोंडात रबराची नळी, नळीच्या टोकाला काचेची कांडी. कांडी डासावर धरली, सुर्र केलं, आणि डास गायब! पुन्हा सुर्र! दुसराही गायब!

मी उलट्या पावली स्वयंपाकघरात गेलो. "सुलोचना! पाहुणा मच्छर खाऊन राह्यला!"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "माय वो! तरीच म्हटलं, दोन दिवसापासून भात काऊन उष्टा टाकून राह्यला!"

साहेब ओगराळं घेऊन तलावावर गेल्याबरोबर मी त्याच्या खोलीत शिरलो. पेटीवर ओला पंचा गुंडाळलेला होता. मी पंचा वर केला. आत जाळीचे डबे होते आणि डब्यांत डास! शेकडो, जिवंत! प्रत्येक डब्यावर आकडे घातलेल्या चिठ्ठ्या, आणि आत साखरपाण्यात भिजवलेला कापूस. आमच्या साखरेचा! दोन आण्यांची साखर मी पाहुण्याला दिली आणि ती पीत होते डास!

सगळा कट डोळ्यांपुढे उभा राहिला. हा माणूस परदेशातून डास पेटीत घालून आणतो, आमच्या साखरेवर पोसतो, आमच्या घरात सोडतो आणि तलावात काहीतरी कालवतो! पावसाळा तोंडावर आहे. सुलोचना याच घरात निजते. आता मात्र मला बदलीचीही पर्वा उरली नाही. मी तडक बकारामकडे धावलो. शत्रू असला तरी शेवटी आपल्या गावचा!

"मी तर पयल्याच दिवशी म्हटलं होतं," बकाराम धोतर सावरत म्हणाला. "बिनकामाचं कोणी म्हशीच्या गोठ्यात शिरते का जी?"

त्यानं कोतवाल उदारामला हाक मारली. उदारामनं काठी घेतली. पाहता पाहता पंचवीस माणसं आमच्या अंगणात जमली. तेवढ्यात साहेब तलावावरून परत आला. एवढी माणसं बघून त्याला काय आनंद! आपल्या भेटीसाठीच गाव लोटला आहे असं समजून तो एकेकाला वाकून नमस्कार करू लागला.

मी पुढे झालो. "यू! मच्छर! व्हाय?"

साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं भिंतीकडे, पेटीकडे आणि माझ्याकडे हात करत पाच मिनिटं मोठ्या उत्साहानं काहीतरी सांगितलं.

"ऐकलं?" मी गावाकडे वळलो. "सारं कबूल करून राह्यला!"

"तं मंग पेटी तलावात बुडवा!" बकारामनं निकाल दिला. उदारामनं पेटी उचलली. साहेबानं झडप घालून दुसरी बाजू धरली. हा ओढतो, तो ओढतो! मी मध्ये पडून साहेबाची कंबर धरली. खटकन् कडी निघाली, डबे अंगणात घरंगळले, आणि आठ दिवसांचे उपाशी नव्हे, साखर खाऊन माजलेले डास भणभणत बाहेर पडले. "पळा रे! परदेशी मच्छर!" उदाराम ओरडला आणि काठी टाकून सर्वांच्या पुढे पळाला. पंचवीस माणसं एका फाटकातून बाहेर पडायला बघत होती. बकाराम कुंपणावरून गेला!

त्या गर्दीला उलटा रेटत नंदलाल आत आला. सकाळच्या मोटारीनं तो साहेबाला न्यायला आला होता.

"अरे मास्टरजी! ये क्या कर रहे हो? साहब को छोडो!"

मी कंबर सोडली. साहेब अंगणात बसून रिकामे डबे गोळा करत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नंदलाल कपाळाला हात लावून म्हणाला, "मच्छरों के ही तो प्रोफेसर हैं ये! सुट्टीत दुसरं काय करतील? नळीनं मच्छर पकडतात, तलावात त्यांचे बच्चे शोधतात. फवारा मारलेल्या घरात मच्छर काऊन राहते, हे बघायले सात समुंदर पार करून आले. पहिल्याच दिवशी तुम्हाला सगळं समजावलं. तुम्ही येस सर बोलले!"

"पण हे मच्छर..."

"तुमच्याच खोलीचे! साऱ्या गावात फक्त तुमच्याच घरात मिळाले. बकाराम के घर में एक भी नहीं. साहब सांगतात, रोज तुम्हाला विचारलं, फवाऱ्यानंतर भिंतीला काही लावलं का?"

"मग मी काय म्हणालो?"

"नो सर बोलले."

मी हळूच छुईचं सांगितलं, नंदलालनं ते साहेबाला कळवलं, तसा साहेब उठला. खिशातून चाकू काढून तो मधल्या खोलीत गेला आणि त्यानं भिंत खरवडली. सुलोचनेच्या छुईचा पापुद्रा सुटून खाली पडला. त्याच्या आत, मुकाट्यानं दडून बसलेली, फवाऱ्याची डास मारणारी भुकटी! साहेब भिंतीकडे बघतच राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चाकू माझ्यावर! पण त्यानं मला कडकडून मिठी मारली. जे शोधायला तो दोन उन्हाळे देशोदेशी हिंडत होता, ते त्याला आमच्या मधल्या खोलीत सापडलं होतं.

"म्या सांगत होती," सुलोचना दारातून म्हणाली. "फवारावाले म्हणून गेल्ते, भिंतीले हात लावू नका. पन मले बोलू देते का हे?"

साहेब संतुष्ट होऊन गेला. इतका संतुष्ट पाहुणा मी जन्मात पाहिला नाही. जाताना त्यानं तपासनीस साहेबांना दोन पानी पत्र लिहिलं. मी बदलीच्या हुकमाची वाट बघत गाठोडी बांधून ठेवली.

ज्येष्ठात उत्तर आलं. साहेबांनी माझं अभिनंदन केलं होतं. ओल्सेन महाशयांच्या मते असं उपयोगी घर आणि असा सहकार्य करणारा गृहस्थ साऱ्या आशिया खंडात नाही. ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा याच खोलीत उतरणार आहेत. सबब त्या भिंतींना तोपर्यंत ना छुई लावावी, ना फवारा मारावा. आणि गुरुजींना केशोरीहून कुठेही हलवू नये, अशी त्यांची आग्रहाची विनंती असल्यानं आपल्या बदलीचा विचार रद्द करण्यात येत आहे.

मी पत्र सुलोचनेला वाचून दाखवलं. तिनं गाठोडी उचलली, डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मी मागोमाग. ती थांबली ती थेट बकारामच्या ओसरीवर!

"पावसाळाभर आमी इथं राहू का जी, भाऊ?"

"राहा ना बाप्पा!" बकाराम म्हणाला. "खोली रिकामीच आहे."

तेव्हापासून आमचा मुक्काम बकारामच्या काळ्या भिंतींच्या खोलीत आहे. सुलोचनेला या वर्षी एकदाही हिवताप आला नाही. पोळ्याला तिनं चक्क फुगडी घातली आणि मी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. म्हशी रात्रभर फुसफुसतात, पण खोलीत एक डास नाही.

एकच गोष्ट मला खटकते. बकाराम आमच्याकडून भाडं घेत नाही, वर रोज ताक आणून देतो. माणूस उगीच इतका चांगला वागत नसतो. मी लक्ष ठेवून आहे!