बोडकेकाकांनी नापास केलेल्या अंगणवाड्या

बोडकेकाका अंगणवाडीत शिरले की आधी जमिनीवर पालथे पडतात. साठी उलटलेला माणूस फरशीला गाल लावून शोधत असतो, की तीन वर्षांच्या पोराला इथलं काय काय तोंडात घालता येईल.

सातपूरच्या कारखान्यात काकांनी जन्मभर माल तपासला. निवृत्त झाले, पण खोड सुटली नाही. मुलगा आणि सून दोघंही कामावर, म्हणून तीन वर्षांची नात चिऊ दिवसभर त्यांच्याकडे. तिला शाळेत घालायचं ठरलं, आणि शेजारधर्म म्हणून मी त्यांच्या तावडीत सापडलो.

आमच्या भागात अंगणवाड्या दोन, महापालिकेची बालवाडी एक. पहिल्या अंगणवाडीच्या खिडकीच्या गजांतून काकांनी पिशवीतला नारळ घालून पाहिला. नारळ आरपार गेला. "म्हंजे पोराचं डोकं जातंय. नापास!" दुसरीतली खिचडी चवीनं खाल्ली, मीठ बरोबर असल्याची पावतीही दिली. पण पाण्याचं पिंप उघडं दिसलं. नापास! मी शरमेनं पायाकडे बघत बसलो.

बालवाडीत मात्र सगळं जागच्या जागी होतं. काका घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "कोपऱ्यात पाल हाय."

"तुमच्या घरी नाही का पाल?" बालवाडीच्या ताईंनी विचारलं.

"हाय. पण ती ओळखीची हाय."

ताई हसल्या आणि चिऊपुढे बसल्या. "नाव काय गं तुझं, बाळा?"

काकांनी चिऊला उचललं आणि तडक बाहेर पडले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधीच्या दोन्ही ठिकाणांहूनही आम्ही नेमका हाच प्रश्न आल्यावर पळालो होतो.

मी वैतागलो होतो. "काका, पोरीला घरातच कोंडून ठेवणार का?"

ते चिऊला मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

"अजून एक शब्द बोलत नाय ती. सून विचारती, तर मी सांगतो, तुम्ही कामावर गेले की लय बोलते. हळूहळू बोलेल असं वाटलं होतं. आता ताईंच्या ध्यानात आलं तर?"

इतके दिवस मी या माणसाची टिंगल करत होतो.

ताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चिऊच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळी वाजवली. मी दचकलो. चिऊ नाही.

"काका, घाबरू नका. आधी कान दाखवून घेऊ. मी येते बरोबर. शाळेत मात्र ती उद्यापासून येऊ दे."

काकांनी चिऊला आपल्याकडे वळवलं.

"रोज दुपारी गोष्टी सांगतो हो मी तिला. घरात दुसरं कोण असतंय? तिला ऐकूच येत नसंल, तर इतके दिवस मी कुणाशी बोलत होतो?"

मांडीवरची चिऊ त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे एकटक बघत होती. ते थांबले, तेव्हा तिने बोट त्यांच्या ओठांवर ठेवलं आणि ते ओठ पुन्हा हलवायला लागली.