साहेबांनी साइड दिली

निवृत्तीनंतर घरात एक आरामखुर्ची हवी, इतकंच ठरलं होतं. साहेब ती आणायला म्हणून सकाळी बाहेर पडले आणि दुपारी कॅरव्हॅन घेऊन आले.

"खुर्ची कुठाय?" बायकोने दारातूनच विचारलं.

"आत आहे. शिवाय पलंग, शेगडी, बेसिन आणि संडास!" साहेब खाली उडी मारत म्हणाले. "आणि सगळं हलतं!"

"आपल्या घरातलंही सगळं हलतंच की. ते आधी दुरुस्त करायचं होतं."

बायको मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वॉर्डातले पेशंट कण्हायचे थांबत. आणि साहेब म्हणजे गाडी चालवायची परीक्षा घेणारे अधिकारी. उभी हयात त्यांनी शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढली आणि अर्ध्या गावाला नापास केलं. स्वतः मात्र ते ऑफिसला पायी जात. (आपण कोणाकोणाला पास केलंय, हे त्यांना ठाऊक होतं ना! अशा रस्त्यावर गाडी कोण काढणार?)

"एक वर्ष फिरू, मग बघू," असं म्हणून दोघं निघाली.

पहिल्याच वळणावर सगळी कपाटं एकदम उघडली आणि साखरेचा डबा साहेबांच्या मानेवर रिता झाला. पुढे एकदा बाहेरचं कापडी छप्पर मिटायचं राहिलं. गाडी बाजारातून निघाली तेव्हा एका न्हाव्याची पाटीही निघाली आणि तिच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक घेऊन न्हावी निघाला. रिव्हर्सचं तर विचारूच नका. बायको मागे उभी राहून हात हलवायची, "या, या, या..." आणि मग 'धाड' असा आवाज यायचा. त्यानंतर बायको शांतपणे म्हणायची, "थांबा."

"आधी का नाही सांगत?"

"मला वाटलं, परीक्षा घेणाऱ्याला दिसत असेल."

असं करत वर्ष संपत आलं. त्या दिवशी सकाळी मुक्काम हलवायच्या वेळी बायको डोक्याला साबण लावून बसलेली आणि नळाने नुसता फुस्स असा सुस्कारा सोडला. टाकी भरायचं काम साहेबांचं. साहेब विसरले होते.

"विकून टाका हे!" आतून गर्जना झाली. "घर कशाला म्हणतात, माहीत आहे का? नळ सोडला की पाणी येतं, त्याला!"

"विकायची नाही," साहेबही तडकले. "तुला हौसच नाही!"

 बायकोने डोक्याला टॉवेल गुंडाळला, मागच्या पलंगावर जाऊन बसली आणि मधला पडदा असा ओढला की एक कडी तुटून साहेबांच्या पायाशी आली.

वाटेत पेट्रोल पंप लागला. साहेबांनी डिझेल भरलं, समोरची काच पुसली, आणि फुगलेल्या गालांनी मागे न बघता गाडी काढली. बायको मधल्या वेळात पंपाच्या बाथरूममध्ये केस धुवायला उतरली होती, हे त्यांना कुठलं कळायला?

दोन-चार गावं मागे पडली. मग साहेबांना चैन पडेना.

"अगं, रागावलीस का?"

पडदा गप्प.

"बरं, चुकलं माझं. टाकी यापुढे रोज भरेन."

पडदा गप्पच. साहेबांना जरा हुरूप आला. बायको ऐकून घेतेय, हीच केवढी गोष्ट! "भांडीसुद्धा मी घासेन. आणि रस्ता चुकला तर खाली उतरून चारचौघांना विचारेन. पण गाडी विकायची नाही. हरकत असेल तर आत्ताच बोल."

साहेबांनी कान टवकारले. आतून हूं नाही की चूं नाही.

"ठरलं तर मग!" साहेबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. आनंदाच्या भरात ते चक्क गाऊ लागले. चांगलं दोन कडव्यांचं गाणं त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे कोणीही "पुरे" म्हटलं नाही. लग्नानंतर इतकं समाधान त्यांना आजच लाभत होतं.

एवढ्यात मागून सायरन ऐकू आला. अँब्युलन्स! साहेबांच्या अंगात जुना अधिकारी संचारला. त्यांनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि गाडी अलगद रस्त्याच्या कडेला घेतली.

"बघितलंस?" ते पडद्याला म्हणाले. "याला म्हणतात साइड देणं!"

पण अँब्युलन्स पुढे जाईना. साहेबांनी खिडकीतून हात काढून "जा, जा" अशी खूण केली. तीही हळू झाली. साहेब थांबले, तर ती थांबली. आता मात्र साहेब भडकले. तरातरा चालत ते अँब्युलन्सच्या ड्रायव्हरपाशी गेले.

"अहो, आत पेशंट तळमळत असेल आणि तुम्ही इथे गाडी उभी करता? मी रस्ता दिला होता!"

"पेशंट नाहीये, काका. सोडून परत चाललोय."

"म्हणजे रिकामी गाडी? मग सायरन कसा वाजवलात? गुन्हा आहे तो!"

"मी नाही वाजवला." ड्रायव्हरने घाबरत शेजारच्या सीटकडे बोट केलं.

"मी वाजवला," तिकडून ओळखीचा आवाज आला. "हॉर्न वाजवून वाजवून दमलो आम्ही. ऐकताय कुठे तुम्ही?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. मग कॅरव्हॅनकडे पाहिलं. मग पुन्हा बायकोकडे.

"तू इथे कशी असशील? तू तर आत बसली आहेस!"

"पंपावर केस धुवायला उतरले होते. बाहेर येऊन बघते, तर घर गायब! ही अँब्युलन्स तिथे डिझेल भरत होती, म्हणून बरं."

आता कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. आपण बायकोला ओल्या केसांनी, परक्या रस्त्यावर, खिशात ना फोन ना काही, अशी टाकून आलो! ते तिथेच मैलाच्या दगडावर मटकन बसले. बायको झटकन खाली उतरली. सवयीने तिचा हात त्यांच्या मनगटावर गेला.

"अहो, केवढी पळतेय नाडी! दीर्घ श्वास घ्या बघू."

"मावशी, आता पेशंट मिळाला," ड्रायव्हर म्हणाला. "घेऊ का आत?"

त्यावर बायकोला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. साहेबही हसू लागले. ड्रायव्हर निघून गेला तरी दोघं रस्त्याकडेला डोळे पुसत उभी होती.

गाडीत ती साहेबांच्या शेजारी बसली. "काय मजा आली, सांगू! एवढाले ट्रक बाजूला होत होते हो. नोकरीत इतक्या अँब्युलन्स दारात उतरवून घेतल्या, पण पुढे बसून सायरन वाजवायला आज मिळाला! आता पुढच्या वर्षी समुद्राच्या कडेकडेने जाऊ."

"म्हणजे विकायची नाही?" साहेब हरखले. "तसं तू मघाशीच कबूल केलं होतंस म्हणा."

"मी? कधी?"

"मी विचारलं, हरकत आहे का? तू काही बोलली नाहीस."

"एक शब्दही नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"गात होतो."

"तरी मी गप्प?"

"अगदी गप्प."

"अहो," बायकोने कपाळावर हात मारला, "त्यावरून तरी कळायला नको, की बायको गाडीत नाहीये?"

 साहेबांनी ताठ बसून पट्टा लावला, आरसा नीट केला, इंडिकेटर दिला आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी जोरात गुरगुरली, पण जागची हलेना. साहेबांनी आणखी दाबला. जळका वास सुटला.

"इंजिन गेलं वाटतं," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"हँडब्रेक," बायको म्हणाली.

साहेबांनी मुकाट्याने हँडब्रेक सोडला. नेमक्या याच चुकीसाठी त्यांनी जन्मभर माणसं नापास केली होती. सख्ख्या जावयाला तर दोनदा.