एकतीस पोळपाट

ते साल दोन हजार बावीस. फेब्रुवारी संपता संपता तिकडे रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे गंगाखेडात, रेल्वे स्टेशनच्या मागच्या वसाहतीत, सुलाबाईंनी लेकीच्या लग्नाचे पापड काढले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर सुलाबाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं. तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला होता. युद्धाची कारणं त्या पाच मुद्द्यांत सांगत आणि पोरं ती पाच मुद्द्यांत लिहीत. त्या पाचांत पापड नव्हता.

वसाहतीत गल्ली एकच. घरांच्या दोन रांगा समोरासमोर आणि मधोमध नळाचा कट्टा. वरच्या रांगेत चतुराबाईंची सावड होती. सावड म्हणजे साधी गोष्ट. आज तू माझ्याकडे लाटायला ये, उद्या मी तुझ्याकडे येते. चतुराबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण भिजवलेल्या पिठाला नुसतं बोट लावून पापडखार किती पडलाय ते सांगत आणि आठ बायांना डोळ्याच्या इशाऱ्यावर कामाला लावत. खालच्या रांगेत सविताची सावड. सविताच्या घरात किराणा दुकान होतं आणि तिच्या जिभेवर हिशेब, म्हणजे कोण कधी काय बोललं त्याचा.

सुलाबाईंचं घर गल्लीच्या टोकाला. त्या दोन्हीकडे लाटायला जात आणि त्यांच्याकडे दोन्हीकडच्या येत. कोणत्याही बाजूला नसल्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

चतुराबाईंची सावड आधी चार घरांची होती. मग पाच झाली, सहा झाली, सात झाली. दरवेळी कोणी बाई आपणहून दारात येई, "मला बी घ्या की वं," म्हणे आणि चतुराबाईंना नाही म्हणता येत नसे. त्या वर्षी आठवी आली, ती प्रियांका. नुकतं लग्न झालेली, रेल्वेतल्या नोकरदाराची बायको. पण तिचं घर खालच्या रांगेत होतं, सविताच्या भिंतीला भिंत आणि गच्चीला गच्ची लागून. त्या दोन गच्च्यांवर दिवसभर ऊन असे. खालच्या रांगेचे सगळे पापड तिथेच वाळत.

बातमी कळताच सविता कट्ट्यावर आली.

"चतुरामावशी, कट्ट्याच्या इकडं यायची न्हाई म्हणून बोल्ल्या होत्या तुमी."

"कधी बोल्ले?"

"तुमच्या नातवाच्या बारशाला. बुंदी खाता खाता."

"बुंदी खाता खाता बोल्लेलं धरतीस व्हय? लिहून घेतलंस का?"

"तुमाला कुटं लिहिता येतंय?"

"मग बोल्लेच न्हाई म्हण की! आन् मी कुणाला बलवायला गेले न्हवते. पोरगी आपल्या पायानं आली."

"पायानं येऊ द्या न्हाईतर रिक्षानं येऊ द्या. उद्या तुमच्या आठ जणी त्या गच्चीवर चढून माझ्या पापडात डोकावायल्या, म्हंजी?"

ओट्यावर दिनकरराव बसले होते. चतुराबाईंचे यजमान, एस्टीतून निवृत्त झालेले कंडक्टर. युद्ध सुरू झाल्यापासून ते सकाळी सातला टीव्हीसमोर बसत आणि जेवायलाच उठत. त्यांचा चेहरा उजळला.

"हेच! तिकडं हेच चालूय बघा! नाटो म्हंजी काय, तिकडल्या देशांची सावड. एकावर आलं की सगळे धावतेत. ती वाढत वाढत रशियाच्या दारात आली आन् रशिया बिथरला."

"म्हंजी मी रशिया का?" सविताने कमरेवर हात ठेवला.

"तसं न्हाई, ताई..."

"तसंच! पण माझ्या दारात एवढी गर्दी कशाला करायल्यात, हे कुणी विचारायचंच न्हाई?"

"आन् म्हणून दुसऱ्याच्या घरात रणगाडा घालायचा व्हय?" चतुराबाई कडाडल्या. "लहान पोरीनं कुणासंगं बसावं हे शेजारीण ठरविती का?"

दिनकररावांनी थोडा विचार केला. "दोन्ही मुद्दे बरोबर हायत," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सविताच्या गच्चीच्या कठड्यावर बाभळीचे काटे आले. "माकडं येतेत," तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रियांकाच्या गच्चीवर चतुराबाईंच्या दोन बाजा चढल्या. "ढेकणं झालीत, उन्हात टाकल्यात." चौथ्या दिवसापासून सविताच्या दुकानात वरच्या रांगेसाठी सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी संपलेली असे. तेल तसंही त्या युद्धापायी महाग झालं होतं. वरच्या रांगेच्या बाया तेलासाठी उन्हातान्हात बाजारापर्यंत जाऊ लागल्या आणि सविता रिकाम्या दुकानात माशा हाकत बसू लागली. दोघींना त्रास झाला, म्हणून दोघींना आपण जिंकतोय असं वाटलं.

अशात सुलाबाईंचा रविवार ठरला होता. बुद्ध पौर्णिमेला बबिताचं लग्न. पोरगी नांदेडला जायची होती. आईच्या हातचं घरात काहीतरी वर्षभर पुरावं, एवढीच सुलाबाईंची इच्छा. वडील नसलेल्या पोरीला गल्लीने मिळून सासरी पाठवावं, हेही त्यांच्या मनात होतं, पण ते त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

गल्लीची रीत अशी, की ज्या घरी पापड, त्या घरी आदल्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत आपला पोळपाट नेऊन ठेवायचा. ठेवला म्हणजे शब्द दिला. पोळपाट मोजायचे आणि त्या हिशेबाने पीठ भिजवायचं. भिजवलं की मागे फिरणं नाही. उडदाचं पीठ कुटून तयार झालं की त्याच दिवशी लाटावं लागतं. संध्याकाळपर्यंत त्याचा दगड होतो.

शनिवारी चारच्या सुमाराला चतुराबाई आठ पोळपाट घेऊन आल्या. प्रत्येकाच्या पाठीवर नखपॉलिशने नाव. थोड्या वेळाने सविता पाच घेऊन आली आणि आठांची चळत बघून दारातच थांबली.

"आठ?"

"आठ," बबिता म्हणाली.

सविता घरी गेली आणि आणखी पाच घेऊन आली. "माझ्या बहिणी बोरीहून सकाळच्या एस्टीनं यायल्यात. जावा बी हायत."

हे दहा चतुराबाईंना पलीकडून दिसले. त्या सून आणि तीन भाच्यांच्या नावाने चार घेऊन आल्या. बारा झाले. सविताने चुलत नणंदा आठवल्या. चौदा झाले. चतुराबाई दर खेपेला पदर खोचून येत आणि आल्यासरशी समोरची चळत मोजत. शेवटची खेप दिवे लागता लागता झाली. तिकडून सतरा, इकडून चौदा.

"आई, एकतीस झाले गं," बबिता म्हणाली.

सुलाबाईंचे डोळे भरून आले. "बघ, माणसं किती जीव लावतात!" त्या म्हणाल्या. तीस वर्षं शस्त्रस्पर्धा शिकवलेल्या बाईंना आपल्या ओसरीत काय रचलं जातंय ते कळलं नाही.

चार किलोंचा बेत दहा किलोंवर गेला. गिरणीवाल्याला पुन्हा गिरणी सुरू करायला लावली. पहाटे सुलाबाईंचा मुलगा धम्मानंद बत्ता घेऊन पीठ कुटायला बसला. तो तहसील कचेरीत कारकून होता. सातपर्यंत त्याचे दोन्ही दंड टरारून फुगले. "आई, एवढं काम तर मी मार्चअखेरला बी केलं न्हाई," तो भिंतीला टेकून म्हणाला.

सात वाजले. सव्वासात झाले. ओलं फडकं टाकून ठेवलेल्या पिठाभोवती एकतीस पोळपाट दोन रांगांत मांडलेले. माणूस एक नाही.

सुलाबाई बाहेर आल्या. वरच्या रांगेच्या ओट्यांवर सतरा जणी, खालच्या रांगेच्या ओट्यांवर चौदा जणी, सगळ्या चांगली लुगडी नेसून, हातात लाटणी घेऊन बसलेल्या.

"चतुराबाई, चला की!"

"येतो की, बाई. आमची कुटं ना हाय? त्या आधी जाऊ द्या. आमी पाठ फिरवली आन् ह्या गच्चीवर गेल्या म्हंजी?"

सुलाबाई पलीकडे गेल्या.

"बाई, तुमचं काम माझंच हाय," सविता म्हणाली. "पण चौदा जणी आत गेल्यावर सतरा जणी मागून यायल्या, तर आमी बसायचं कुटं? आधी त्यांना म्हणावं तीन पोळपाट मागं घ्या."

दिनकरराव मध्यस्थीला निघाले. त्यांनी अंगात सदरा घातला, टोपी घातली आणि कट्ट्यावर बसून बोलणी लावली. पंख्याखाली कोणी बसायचं इथपर्यंत ती छान चालली. पंख्यावर मोडली.

"तह फिसकटला," त्यांनी येऊन सांगितलं.

साडेआठ वाजले. पिठाचा वरचा थर बोटाला टणक लागू लागला. सुलाबाई आत आल्या, एक पोळपाट ओढला आणि लाटायला बसल्या. बबिता समोर बसली. दोघींचे दोन पापड झाले. पीठ दहा किलो.

"राहू दे आई," बबिता हळूच म्हणाली, "नांदेडला विकतचे मिळतात."

सुलाबाईंचं लाटणं थांबलं. त्या एका वाक्याने त्यांना जे लागलं ते पंख्याच्या भांडणाने लागलं नव्हतं.

तेवढ्यात दारात प्रियांका दिसली. ती कोणाला विचारून आली नव्हती. कोणाला विचारायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाई, मी बसू का? पण मला येत न्हाई."

"काय येत नाही?"

"पापड लाटायला. शिकायचं म्हणून तर सावडीत आले. चतुरामावशींचं दार उघडं दिसलं, तिकडं गेले. सविताताईंच्या दाराला त्या वेळी कुलूप होतं."

ती उंबऱ्याशीच बसली, गल्लीला दिसेल अशी, आणि लाटू लागली. पहिला पापड इकडून फुगला, तिकडून निमुळता झाला, शेवटी एक शेपूट निघालं.

"आगं, आगं!" वरच्या रांगेतून आवाज आला. "कडंला दाब, कडंला!"

"मधी जोर देऊ नकू, फाटंल!" खालच्या रांगेतून आवाज आला.

प्रियांकाने घाबरून दोन्हीकडे बघितलं आणि पापड मधोमध फाटला. चतुराबाईंना ते सहन झालं नाही. पन्नास वर्षं पापड लाटलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत उडदाचं पीठ असं मरताना! त्या उठल्या. सविताही उठली. दोघी दोन बाजूंनी धावत आल्या आणि प्रियांकाच्या दोन बाजूंना बसल्या. चतुराबाईंनी तिचा उजवा हात धरला, सविताने डावा.

"असं फिरीव."

"आन् असं सैल सोड."

"बरोबर सांगायली ती," चतुराबाई म्हणाल्या आणि मग आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन पदर सावरू लागल्या.

पुढाऱ्याच आत गेल्यावर फौजांनी बाहेर बसून काय करायचं? एकतीसही जणी आत आल्या, जागा मिळेल तिथे बसल्या. पंख्याखाली धम्मानंद झोपला होता. त्याला कोणी उठवलं नाही.

लाटण्यांचा आवाज लागला. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. कुठल्याशा स्टेशनवर एक म्हातारी बाई बोचकं छातीशी धरून गाडीची वाट बघत उभी होती. चतुराबाईंनी मान वळवून बघितलं.

"कुटली वं ही?"

"युक्रेनची," सुलाबाई म्हणाल्या. "घर सोडून चाललीय."

"आन् पलीकडल्या देशातल्या बाया?"

"त्यांची पोरं लढायला नेलीत."

चतुराबाईंनी लाटणं पोळपाटावर ठेवलं. "कणीक भिजवून ठेवली आसंल का वं त्या बाईनं घरी?" त्या म्हणाल्या.

सविताने आपल्यापुढची तेलाची वाटी सरकवली आणि चतुराबाईंच्या पोळपाटाला लावून ठेवली. तीस वर्षं शिकवून जे सुलाबाईंना नेमकं सांगता आलं नव्हतं, ते या अंगठेबहाद्दर बाईने एका प्रश्नात विचारलं होतं. सुलाबाई मनातल्या मनात उभ्या राहिल्या.

दोनच्या आत दहा किलो संपलं. सविताने स्वतः काटे काढले आणि पापड दोन्ही गच्च्यांवर मिळून पसरले. जाता जाता ठरलं, की आता दोन सावडी कशाला, एकच करू. सगळ्या खुशीत पायऱ्या उतरल्या. तेव्हा पलीकडच्या वसाहतीतल्या बाया आपापल्या गच्च्यांवर उभ्या राहून इकडे बघत होत्या. एकीने दुसरीला विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं, "एकतीस जणी? कशापायी वं एवढ्या?" आणि संध्याकाळी तिकडे पोळपाट गोळा व्हायला लागल्याची खबर दिनकररावांनी आणली.

बबिता नांदेडला सुखात आहे. सासूबाईंनी प्रियांकाचे वेडेवाकडे पापड बाजूला काढले होते, ते बबिताने सगळ्यांत आधी तळून खाल्ले. धम्मानंदला बढती मिळाली. पीठ कुटायला तो आता माणूस लावतो. प्रियांकाला मुलगी झाली आणि तिचे पापड बऱ्यापैकी गोल होऊ लागले. दिनकरराव युद्ध पंधरा दिवसांत संपेल असं वर्षभर सांगत राहिले, मग त्यांनी सांगणं सोडलं. सुलाबाई हल्ली लाटत नाहीत, हात कापतो; त्या लाट्या करून देतात.

चतुराबाई दोन वर्षांपूर्वी लेकाकडे परभणीला गेल्या. जाताना सावडीचा जिम्मा त्यांनी आपल्या सुनेला दिला नाही, सविताला दिला. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. कोण आलं, कोण न्हाई, खार किती टाकला. फोन ठेवल्यावर सविता म्हणते, "लय हुकूम सोडती म्हातारी." आणि पुढच्या रविवारी ती फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली असते, वाजायच्या अर्धा तास आधी.