विसंगत सूर्य

नकाशा विभागातल्या कर्मचाऱ्यांना नैसर्गिक उजेडाचा लाभ मिळावा, म्हणून विभागाच्या सर्व खिडक्या बंद करण्यात आल्या.

कारण सबळ होते. छतावरचे नवे दिवे सकाळी शुभ्र, दुपारी लख्ख आणि संध्याकाळी पिवळसर होत. शरीराचे घड्याळ ताळ्यावर राहावे, रात्री झोप शांत लागावी, हा उदात्त हेतू. पण खिडकीतले ऊन मंजूर वेळापत्रकाला जुमानेना. मध्येच ढग यायचा. प्रकाश सल्लागारांनी पाहणी करून शेरा मारला, "सूर्य विसंगत आहे." लगोलग खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या.

हाताने नकाशे काढणाऱ्या एकच बाई विभागात उरल्या होत्या; बाकी सगळे संगणकावर काढत. त्यांची सारी नोकरी खिडकीशेजारी गेली होती. आता त्यांचे डोळे चुरचुरू लागले. त्यात वीजबचत अशी की, टेबलावर हालचाल थांबली की वरचा दिवा विझे. बाई श्वास रोखून रेषा ओढत. रेषा निम्म्यावर आली की अंधार. शेजारचे भाऊसाहेब दिवसभर पाय हलवत गप्पा छाटत, त्यांच्याकडे मात्र उजेडाची चंगळ होती.

"साहेब, कामाला बसलं की अंधार होतो हो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे यंत्रणेच्या मते तुम्ही जागेवर नसता," साहेबांनी समजावले. "हलत राहा. व्यायामही होईल."

बाईंनी डावा हात हवेत फिरवत उजव्या हाताने नदी काढली. नदी डगमगली आणि एका वसाहतीतून गेली. उजेड नियमानुसार असल्याने नकाशा मंजूर झाला. नदीपात्रात राहत असल्याबद्दल वसाहतीला नोटिसा गेल्या.

बाईंना रडू फुटले. "साहेब, डोळे गेले तर मी काय करू? माझी खिडकी तेवढी परत द्या."

"एकीला ऊन दिलं, की उद्या सगळेच मागतील," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाईंनी स्वतःच फळी उचकटली. टेबलभर ऊन पसरले. त्यांनी नदी खोडली आणि एका दमात पुन्हा जागेवर नेली. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

तेवढ्यात सगळा विभाग ओरडला, "बाई, आधी ती फळी लावा! स्क्रीनवर चमक येतेय!"

साहेबांना तोंड उघडावेच लागले नाही.

वाचकहो, तुम्हाला बाईंची बाजू पटली असणार. तरीही भर दुपारी पडदे ओढून, दिवा लावून हे वाचत असाल, तर त्या ओरडण्यात तुमचाही आवाज होता.