चार नळ्या, तीन शिट्ट्या

सकाळी उठून विद्याधरने बशीभर चहा ओढला आणि मग त्याला नळी आठवली.

"जानकी, वाट लागली! थुंकायचं राहिलं!"

हॉस्पिटलच्या एका अभ्यासात त्याचं नाव होतं. लाळेतून कोर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन मोजणार होते. त्यासाठी चार नळ्या दिल्या होत्या. एक उठल्याबरोबर, दुसरी अर्ध्या तासाने, तिसरी संध्याकाळी, चौथी झोपताना. त्याआधी तोंडात काही घालायचं नाही अशी सक्त ताकीद होती.

दोन वर्षांपूर्वी तो कामाला होता त्या साकीनाक्याच्या गाळ्यात कॉम्प्रेसर फुटला, आगीचे बंब आले. शेजारच्या मशीनवरचा बाळा गेला. विद्याधरला ओरखडाही आला नाही. पण तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली की तो थेट दाराबाहेर पळे. शेवटी जानकीने कुकर माळ्यावर टाकला. डाळ पातेल्यात शिजू लागली, त्याचं तिला काही नव्हतं. पण पूर्वी ती मोरीत कपडे धुवत असली की तो बाहेरून शिट्ट्या मोजून ओरडायचा, "तीन झाल्या गं!" तेवढी एक हाक ऐकायला तिचा जीव आसुसला होता. आणि नमुना चुकला की उपचारांच्या यादीतून नाव कापतात, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

विद्याधरने नळीत जे टाकलं ते चहाच्याच रंगाचं निघालं.

"आणा इकडे," जानकी म्हणाली. देवपूजा झाल्याशिवाय ती चहाला शिवत नसे. तिने नळी खळखळून धुतली आणि स्वतःच भरली.

"अगं, ही तुझी!"

"एकतीस वर्षं एका पातेल्यातलं खातोय. काय फरक पडणार हाय?"

"बरं, दुसरी तरी माझी घे."

"वेडे की काय! दोघांची निघाली तर पकडतील ना!"

हे विद्याधरलाही पटलं. संध्याकाळी तिसऱ्या नळीच्या वेळेला खालच्या मजल्यावरची क्लारा मुलीच्या साखरपुड्याचा केक घेऊन हजर झाली.

"तोंड गोड कर गं."

"नंतर खाते."

"का? आमच्या घरचं चालत नाय काय तुला?"

"तसं नाय गं! मला थुंकायचंय!"

क्लारा केकची ताटली घेऊन तरातरा निघून गेली. चारही नळ्या फ्रीझरमध्ये बोंबलांच्या शेजारी जमा झाल्या.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलात डॉ. ऋतिकाने कागद समोर धरला. "कोर्टिसॉल कमी आलंय."

"कमी!" जानकीने हात जोडले. "म्हणजे टेन्शन कमी!"

"उलटं असू शकतं, काकू. मोठा धक्का बसलेल्या बऱ्याच जणांमध्ये ते कमीच सापडतं. शरीर सतत धोक्याच्या तयारीत असतं, आणि कोर्टिसॉलवरचा ब्रेक मात्र जास्तच घट्ट लागतो. नुसत्या यावरून निदान होत नाही. पण सकाळी ते जसं चढायला हवं, तसं इथे चढलेलंच नाही. काका, आगीच्या बंबाची घंटा ऐकली की काय होतं?"

"मला? काय नाय. मला शिट्टीचा त्रास."

जानकी पदराचं टोक पिळत होती. बंब दिसला की ती भाजीची पिशवी तिथेच टाकून उलटी चालू लागायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ती थुंकी माझी हाय."

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग हसू दाबलं, आणि मग हसू गेलंच. "काकू, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"गेटवर. बंबाच्या मागे. आतलं कोण गेलं, कोण वाचलं, ते कोण सांगत नव्हतं. तीन तास."

विद्याधर तिच्याकडे वळला. "फोन आल्यावर आले म्हणालीस ना तू?"

"तुम्हाला अजून कशाला त्रास, म्हटलं."

डॉक्टरांनी दोघांच्या नावाने नव्या आठ नळ्या दिल्या आणि दोघांनाही पुढच्या आठवड्यात बोलावलं. घरी आल्यावर विद्याधर स्टुलावर चढला. त्याने माळ्यावरचा कुकर काढला, धूळ पुसली, डाळ लावली. मग दोघं ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली.

पहिल्या शिट्टीला विद्याधर असा दचकला की त्याच्या धक्क्याने तीही उडाली. तो दाराकडे धावणार, तेवढ्यात तिने त्याचा हात घट्ट धरला.

"एक," तो म्हणाला, "एक झाली गं."

डाळीला तीन पुरतात. जानकीने गॅस सातवीला बंद केला.