म्हात्रे मास्तरांचा कण

उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या साहेबाने आमच्या भास्कर म्हात्रे मास्तरांना फसवलं. त्यांचं सात वर्षांचं काम स्वतःच्या नावावर छापलं आणि त्यातून त्यांच्या बापाचं नाव खोडलं. मास्तर हे कुणाला सांगत नाहीत. मला राहवत नाही, म्हणून मी सांगतो.

मास्तर पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यावरच्या खोलीत राहतात आणि रोज एसटीने रोह्याच्या कॉलेजात शिकवायला जातात. जाताना काचेच्या पट्टीला व्हॅसलीन फासून ती खिडकीबाहेर धरतात. वडखळला एक, नागोठण्याला दुसरी, रोहा जवळ आलं की तिसरी. हवेतले कण धरायचे म्हणून. कंडक्टर रोज ओरडतो, "मास्तर, हात आत घ्या! हात नागोठण्यात राहील आणि तुम्ही रोह्याला पोचाल!"

"राहू दे," मास्तर म्हणतात, "पट्टी तेवढी जपून ठेव."

संध्याकाळी त्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि खाली येऊन मला सांगतात, "शेठ, जो निघाला तो पोचला नाय." म्हणजे वडखळचा कण नागोठण्यापर्यंत फुगला, वाटेत काहीतरी चिकटलं, वेगळाच झाला. हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलंय, की माझी बडोद्याची पार्सलं फुटून पोचली तेव्हाही ते हेच म्हणाले. मी हातातला ब्रश फेकून मारला होता. लागला नाही.

मी शाळा पाहिलेली नाही. पोटासाठी दुसऱ्याच्या कारखान्यात शाडू मळली, मग स्वतःचा कारखाना काढला. भाव केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. पण मास्तरांपुढे माझी घासाघीस चालत नाही. एका श्रावणात ते मूर्तींवर हात फिरवून म्हणाले, "चार दिवस रंग लावू नका."

"दोन दिवस करा."

"हवा घासाघीस करत नाय, शेठ."

ऊन कडक पडलं होतं, मूर्ती हाताला कोरड्या लागत होत्या. मी रंग लावला. आठवड्यात साठ मूर्तींच्या पोटाचे पोपडे निघाले. बाहेरून कोरड्या, आतून ओल्या! मास्तर बसून माझ्याबरोबर साठही मूर्ती खरवडू लागले. मी त्यांनाच शिव्या घालत होतो, आणि ते मला त्यांच्या जंगलाची गोष्ट सांगत होते.

मास्तर सात वर्षं नोकरीला होते त्या थंड देशात शेकडो मैल नुसती सुईसारख्या पानांची झाडं. वाऱ्याबरोबर समुद्राकडून, गावांकडून बारीक कण त्या जंगलावर येतात. उन्हाळ्यात झाडांचा वास हवेत मिसळतो, तो कणावर बसतो. धुक्यात कण पाणी पितो. जंगलात शिरताना एक असतो, बाहेर पडताना दुसरा. हा बदल कॉम्प्युटरवर आधीच मांडून दाखवायचा, हे मास्तरांचं काम. पण हिशेब जुळत नव्हता. धुकं विरलं की कॉम्प्युटर कण सुकवून टाकायचा, आणि जंगलापलीकडे माणसं मोजायला जात तर कण ओलाच. सगळे साहेब डोकं धरून बसलेले.

मास्तर मिठागरातले. त्यांचे वडील हिराजीबाबा जन्मभर खाडीकाठच्या मिठागरात राबले. लहानपणी पोराने विचारलं होतं, धुकं गेलं तरी मिठाची रास ओली का? बाबांनी सांगितलं, "मीठ एकदा पानी प्यायला का तेवढ्याच वाऱ्यान सुकत नाय. प्यायला थोडा दमट वारा पुरतो. सोडवायला लय कोरडा लागतो." मास्तरांनी तेच कॉम्प्युटरला शिकवलं. ओलं व्हायचा एक नियम, सुकायचा दुसरा. हिशेब जुळला.

या कामावरच्या लेखाच्या शेवटी मास्तरांनी एक ओळ लिहिली होती : हा नियम मला माझे वडील हिराजी म्हात्रे, मिठागर कामगार, यांनी शिकवला. त्यांचा मोठा साहेब म्हणाला, मजुराचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे. मास्तर म्हणाले, माझं नाव काढा, ती ओळ ठेवा. साहेबाने ‘नाव काढा’ एवढंच ऐकलं आणि नाव, ओळ दोन्ही काढून टाकलं. मास्तर नोकरी सोडून घरी आले.

हे ऐकून माझ्या हातातली मूर्ती पडता पडता वाचली. "चला एसटीडी बूथवर! आत्ता लावा त्याला फोन. इंग्रजी तुम्ही बोला, शिव्या मी देतो."

"माझं जाऊ द्या," मास्तर म्हणाले. "बाबा मात्र विचारतात. माझा नाव आला का, म्हणून."

"मग काय सांगता?"

मास्तर खरवडत राहिले.

पुढच्या रविवारी मूर्ती बांधायला पेंढा बघायला मी त्यांच्या गावाला गेलो, तर ओट्यावर बापलेक बसलेले. मास्तर तो छापील लेख वाचत होते. एकेक इंग्रजी वाक्य वाचून ते आगरी बोलीत सांगत होते, आणि म्हातारा मधेच अडवत होता, "नाय नाय, तसा नाय, थंडीत आनखी येगला." मास्तर लगेच समासात लिहून घेत.

मला पाहून बाबांनी शेवटचं पान पुढे केलं. भेगाळलेलं बोट नेमकं खालच्या ओळीवर. "शेठ, ह्यो माझा नाव. पोरान दाखवला. तुमी शिकलेली मानसा, बघा, खरा हाय ना?"

मला इंग्रजी वाचता येत नाही, पण छपाई मी ओळखतो. वरच्या सगळ्या ओळी काळ्या होत्या. शेवटची निळ्या शाईची होती, छापल्यासारखी एकेक अक्षर सावकाश काढलेली. एक दशांश चिन्ह चुकू नये म्हणून रात्र जागणारे मास्तर खाली मान घालून बसले होते.

"खरा हाय, बाबा," मी म्हणालो. "झकास छापलंय."

म्हातारा खूश झाला. "मंग त्या सायबाला सांगा, एकदा इकडं ये म्हनावा. ह्यान मिठाचा अर्धाच सांगलाय. बाकीचा मी सांगतो. जेवायलाच बोलवा."

साहेब, तुम्हाला हे आमंत्रण आहे. हिराजीबाबा तुम्हाला कधीच जाब विचारणार नाहीत, कारण तुम्ही काय केलंत हे त्यांना ठाऊक नाही. मास्तर विचारणार नाहीत, कारण मग बाबांना कळेल. म्हणून मी विचारतो. ज्याच्या शब्दावर तुमचं सगळं जंगल उभं राहिलं, त्याचं नाव तुम्ही कुठल्या हक्काने खोडलंत? बोला.