खांद्यावरचा हात

ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्यानं फोटोसाठी स्टुडिओत जाणं म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना घागर घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहणं, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी चारचौघांत मांडत असे आणि चारचौघं माना डोलवत. त्यांच्यापैकी एकाचाही फोटो मी तोवर काढला नव्हता, म्हणून असेल.

तर आईला फोटो हवा होता. साधासुधा नव्हे. पुढंमागं ज्याला हार घालावा लागेल, असा. आमची आई, रुख्माबाई, ऐंशीच्या घरात आहे आणि या विषयावर ती बाजारातून मेथी आणायची असल्यासारखं बोलते.

"माह्या फोटो जित्तेपनीच काढून ठेव," ती म्हणाली. "मांगून तुमी घाई करता. यायच्या फोटोचं काय झालं, पाह्यतच हायेस."

पाहतच होतो. बोरगाव मेघेच्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर बाबांचा फोटो आहे. बाबा, म्हणजे किसनराव, अचानक गेले. तेरवी तोंडावर आली तेव्हा लक्षात आलं की या माणसाचा एकट्याचा असा फोटो जगात नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला, रांगेत उभ्या पाहुण्यांचा एक फोटो सापडला. स्टुडिओवाल्यानं त्यातून बाबांना कापून काढलं आणि मोठं केलं. चेहरा उत्तम आला. फक्त डाव्या खांद्यावर शेजारच्या माणसाचा हात राहून गेला. मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, आणि करंगळी अर्धी. माणूस चौकटीबाहेर गेला, हात आत राहिला. तेव्हापासून आम्ही दर पुण्यतिथीला बाबांना हार घालतो आणि तो त्या हातावरही पडतो. हात कोणाचा, हे घरात कोणी विचारत नाही. देवाच्या मूर्तीला किती हात असावेत हेही कोणी विचारत नाही, तसंच.

"माह्या खांद्यावर कोनाचा हात नाई पाह्यजे," आई म्हणाली. "एकटीचा पाह्यजे. स्टुडिओत ने मले."

"स्टुडिओ कशाला? मी आहे ना."

आईनं गच्चीकडं बोट दाखवलं.

"कूलर बी तूच दुरुस्त केला होता गोपाल," ती म्हणाली.

तो कूलर सध्या गच्चीवर आहे आणि त्यात कबुतरांचं एक कुटुंब सुखानं राहतं.

रविवार धरला. माझी बायको मोहिनी सकाळीच हिंगणीला भावाकडं गेली. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "आईले स्टुडिओत न्या." मी हो म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'हो' या शब्दाचा कृतीशी संबंध उरत नाही.

फोटोग्राफीचं शास्त्र मी आदल्या दिवशी मोबाइलवरच शिकून घेतलं होतं. पार्श्वभूमी पांढरी हवी, म्हणून बैठकीत पांढरी चादर टांगली. फोटोत जिवंतपणा यावा, म्हणून खुर्चीच्या दोन्ही अंगांना झेंडूच्या कुंड्या ठेवल्या. चेहऱ्यावर उजेड पडावा, म्हणून कणीक मळायची परात घेतली. तिच्यावर ऊन झेलून ते आईच्या तोंडावर फेकायचं होतं. आई पांढरं लुगडं नेसून, पावडर लावून खुर्चीत बसली. पावडर तिनं मोकळ्या हातानं लावली होती.

एकच अडचण आली. मी बटन दाबलं की आई डोळे मिटायची. पहिल्या फोटोत मिटले. दुसऱ्यात मिटले. नंतर मी मोजणं सोडलं.

"आई, डोळे उघडे ठेव."

"उघडेच ठेवून राह्यली नं मी. तुह्या परातीनं अंधारी येते मले."

त्या सगळ्यांतला एक फोटो मात्र बरा होता. डोळे मिटलेलेच, पण मुद्रा प्रसन्न. एखाद्या संत स्त्रीसारखी. मी आईला दाखवला.

"हार घातल्यावर कसा दिसन?" ती म्हणाली. "यायच्या फोटोवर हार कपायावर उतरते. माह्यं तोंड झाकलं नाई पाह्यजे."

रास्त शंका होती. मोबाइलमध्ये तयार चौकटी मिळतात. मी एक निवडली. तिच्यात गुलाबाचा हार होता, दोन्ही बाजूंना समया होत्या आणि मागं ढग होते. खाली नावाची आणि तारखेची जागा होती, ती मी रिकामी सोडली. आई जिवंत होती. हार अगदी माप घेऊन केल्यासारखा बसला. आई खूश झाली. मीही झालो, आणि त्या भरात तो फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. चांगल्या चित्राला शब्दांची गरज नसते, असं मी कॉलेजात असताना वाचलं होतं.

मग व्यत्यय नको म्हणून फोन विमानात ठेवतात तसा बंद ठेवला. फोटो तेवढे निघत, फोन येत नसे. आई जेवली, जरा आडवी झाली, उठून पुन्हा पावडर लावली. आता उघड्या डोळ्यांचा फोटो काढायचा होता.

त्या अवधीत जगात काय झालं, ते मला नंतर कळलं. माझा पुतण्या अंकित पुण्याला असतो. त्यानं फोटो पाहून हात जोडले. एकानं जोडले की ग्रुपवर सगळेच जोडतात. मग मला फोन सुरू झाले. फोन बंद. म्हणजे खरंच. मोहिनीनं हिंगणीहून आमच्या शेजारच्या शोभाबाईंना फोन करून खिडकीतून पाहायला सांगितलं. शोभाबाईंनी पाहिलं. पांढरी चादर, दोन्हीकडं झेंडू, मध्ये खुर्चीत डोळे मिटलेली आई, तोंड पांढरंफटक, आणि समोर मान खाली घालून उभा मी. माझी मान परातीतलं ऊन शोधायला खाली गेली होती. शोभाबाई म्हणाल्या, "होय व बाई. मी पाह्यलं." आणि घरात जाऊन त्यांनी पिठलं टाकलं. ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं जेवण द्यायचं असतं.

इकडं मी नवी युक्ती काढली होती. आईनं डोळे मिटून बसायचं, मी तीन म्हटलं की उघडायचे. फोन स्टुलावर पुस्तकांना टेकवला. दहा सेकंदांनी तो आपोआप फोटो काढायला लागेल आणि एकामागून एक काढत राहील, असं लावून दिलं. माझे दोन्ही हात परातीला हवे होते.

"मीट डोळे," मी म्हटलं. "हलू नको. श्वाससुद्धा हळू घे."

आईनं मिटले. मी "एक" म्हटलं आणि दारात ट्रॅक्स गाडी थांबली.

वडनेरची माणसं होती. आमचं शेत तिकडं आहे आणि आईची धाकटी बहीण पंचफुला मावशी तिथंच दिलेली. मावशीचा आवाज फाटकातूनच आत आला.

"माह्ये बाई व... मले न सांगता कशी गेली व..."

मला वाटलं, मावशीचं काही वाईट झालं. सवयीनं माझ्या तोंडातून "दोन" गेलं.

मावशीच्या मागून रामाजी आत आले. रामाजींचं शेत आमच्या शेताला लागून. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका बाभळीवरून बाबांचं आणि त्यांचं वाजलं होतं आणि ते बाबा जाईपर्यंत मिटलं नाही. ते तेरवीलाही आले नव्हते. आज आले होते. खांद्यावर दुपट्टा, चेहरा गंभीर. त्यांनी खोलीवर एक नजर टाकली आणि मला विचारलं, "मयत किती वाजता काढाची हाये? अन् बसवून काऊन ठेवलं? आडवं करा, आंग कडक होते."

मावशी आईच्या गळ्यात पडायला धावली. तिनं खांद्यावर हात टाकला आणि मी, काय करावं न सुचून, "तीन" म्हणालो.

आईनं सांगितल्याप्रमाणे डोळे उघडले.

मावशी जागच्या जागी खाली बसत गेली, भिंतीवरून पोपडा सुटावा तशी. फक्त तिचा हात आईच्या खांद्यावर तसाच राहिला. रामाजी दोन पावलं मागं सरले ते झेंडूच्या कुंडीत. स्टुलावरचा फोन आपलं काम करत होता. खट, खट, खट.

"पंचफुले," आई म्हणाली, "अचानक आली व? अन् रडून काऊन राह्यली?"

खालून मावशीचा आवाज आला. "बाई, तू हायेस?"

"मंग कुठी जाइन?"

उलगडा व्हायला वेळ लागला, कारण उलगडा मला करावा लागला. ऐकून घेतल्यावर रामाजी म्हणाले, "गोपालबाबू, तुमी शिकले किती?"

मी एम. ए. असल्याचं त्यांना माहीत होतं. उत्तर अपेक्षित नव्हतं.

आईला राग आला असेल असं कोणाला वाटलं असेल, तर ते आईला ओळखत नाहीत. ती खुर्चीत सरसावून बसली आणि एकेकाची हजेरी घेतली. कोण आलं, कोण गाडीत जागा असून आलं नाही, कोण किती रडलं.

"फाटकात काय म्हनत होती तू?" तिनं मावशीला विचारलं. "पुरं म्हन नं. अर्धच ऐकलं मी."

"चाल व बाई. तुह्यी तं गंमत होते. माह्या जीव गेलता तिथं."

तेवढ्यात शोभाबाई पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन, डोळ्यांना पदर लावून आल्या. पदर काढल्यावर त्यांना आई दिसली. टोपलं मी वेळेवर धरलं. दिवसभरात माझ्या हातून नीट झालेली ती एकच गोष्ट.

आणलेलं अन्न परत न्यायचं नसतं. सगळे टांगलेल्या चादरीखाली पंगत धरून बसले. आई स्वतःच्या मरणाचं पिठलं जेवली.

"पातळ झालं व शोभा," ती म्हणाली.

"घाईघाईत केलं मायबाई."

"खऱ्या वख्ताले घट्ट करजो."

याच सुमाराला मोहिनी आली. डोळे सुजलेले. तिनं दारातून पंगत पाहिली, सासू पाहिली, परात पाहिली आणि मग माझ्याकडं वळली.

"फोन कुठी हाये तुमचा?"

"स्टुलावर."

"अन् डोकं?"

मी तिला पिठलं वाढायला घेतलं.

जेवण उरकलं. रामाजी हात पुसत बाबांच्या फोटोसमोर उभे होते. मग त्यांनी आपला उजवा हात वर करून उलटसुलट पाहिला. त्याची करंगळी अर्धी होती.

"वहिनी," ते म्हणाले, "हा हात तं माह्या हाये."

घास कोणाचा थांबला नाही, कारण जेवण झालं होतं. पण थांबला असता.

"म्हाईत हाये मले," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. फोटो पुसतो तवा तुमचा हात बी मीच पुसतो."

"इतके वर्स माह्या हाताले हार पडून राह्यला?"

"दरसाली."

रामाजी खाली बसले. "बाभूळ तोडली मी मांगच्या साली," ते म्हणाले. "वाळवी लागलती." मग विचारलं, "तुमी हा हात कापून काऊन नाई टाकला, वहिनी?"

"स्टुडिओवाला कापत होता. मीच नाई म्हटलं. हात काढला असता तं यायचा खांदा बी गेला असता."

मोहिनीनं चहा टाकला. आमच्या घरची चूल पेटली, म्हणजे रीतीप्रमाणे सुतक फिटलं.

ट्रॅक्स गेल्यावर मी फोन पाहिला. कुंडीसह घसरणारे रामाजी होते, नुसती परात होती, माझी पाठ होती. आणि एक फोटो होता. आईचे डोळे टक्क उघडे. बहीण दिसल्याचा आनंद अख्ख्या चेहऱ्यावर. आई अशी हसते हे मी विसरलो होतो. मावशी तोवर खाली बसून चौकटीबाहेर गेली होती. आईच्या खांद्यावर राहिला होता फक्त तिचा हात, हिरव्या बांगड्यांसकट.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन वर्ध्याला स्टुडिओत गेलो. मोठा करून घ्यायला तिथंच जावं लागतं, हे मी माझ्या मतात धरलं नव्हतं. स्टुडिओवाल्यानं फोटो संगणकावर घेतला आणि म्हणाला, "हा हात काढून टाकतो. आता सगळं होते. खांदा पन नाही जात."

मी आईकडं पाहिलं. हात नको, एवढी एकच तर तिची अट होती.

"राहू दे," आई म्हणाली. "एकटी बसली तं डोये मिटत होते माह्ये."

स्टुडिओवाल्यानं फोटो पडदाभर मोठा केला. "पन लय भारी आला हो आजी. कोनं काढला?"

मी घसा साफ केला. आईनं तेवढा वेळ दिला नाही.

"कोनीच नाई," ती म्हणाली. "आपोआप निघाला."

स्टुडिओवाल्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा फोटोकडं.

"तरीच," तो म्हणाला.